पाळी बदलताना

दुपारी साडेतीनचा भोंगा व्हायला दहा मिनिटं उरली की दुसऱ्या पाळीचे साचेवाले गिरणीच्या साचेखात्यात शिरायचे. सदरा खुंटीला अडकवायचे आणि आपापल्या साच्यांपाशी, पहिल्या पाळीच्या माणसाच्या शेजारी जाऊन उभे राहायचे. साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालूच असायचे. त्या खडखडाटात कानाशी तोंड नेलं तरी शब्द कळत नाही, म्हणून बोलणं सगळं ओठांनी आणि हातांनी. जाणारा दोन बोटं वर करायचा आणि मग तळहात झटकून दाखवायचा. म्हणजे दोन नंबरचा साचा धोटा फेकतोय, सांभाळ. येणारा मान हलवायचा, कापडावरून तळवा फिरवायचा, बीमवर किती ताणा उरलाय ते वाकून बघायचा. तोवर जाणाऱ्याने साच्याखालची रुई झाडून काढलेली असायची, तेलाचे थेंब पडायचे तिथे पडलेले असायचे, तुटलेली तार सांधलेली असायची. भोंगा झाला की एक हात साच्यावरून उचलला जायचा आणि दुसरा टेकायचा. साचा थांबायचा नाही.

मी १९६९ साली त्या गिरणीत टाइमकीपर म्हणून लागलो. हजेरीचं मस्टर घेऊन खात्याखात्यातून फिरणं हे माझं काम. गिरणीचं नाव लिहीत नाही. जे पुढे सांगायचं आहे ते एकट्या तिच्याबद्दलचं नाही आणि नावामुळे त्याचं काही वाढणारही नाही. माझे वडील त्याच गिरणीत साचेवाले होते, चार साचे चालवायचे. त्यांचा जोडीदार घाटावरचा, साताऱ्याकडचा. त्याला सगळे आबा म्हणत. आम्ही कोकणातले, संगमेश्वर तालुक्यातले. दोघांच्या पाळ्या फिरायच्या, पण साचे तेच आणि जोडीही तीच. एकोणीस वर्षं ते रोज दहा मिनिटं एकमेकांसमोर उभे राहिले.

ही दहा मिनिटं कुठल्या नियमात नव्हती. त्यांचा पगार नव्हता. मस्टरमध्ये त्यांच्यासाठी रकाना नव्हता. मी तीस वर्षांच्या आसपास हजेरी लिहिली आणि गिरणीची तब्येत मी त्या न लिहिलेल्या दहा मिनिटांवरून ओळखायला शिकलो.

गिरणगावात ही रीत पहिल्यापासून होती असं नाही. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कंपनी काढली आणि ताडदेवला १८५६ मध्ये मुंबईतली पहिली कापड गिरणी सुरू झाली, तेव्हा पाळी बदलणं असं काही नव्हतंच. उजाडल्यापासून अंधारेपर्यंत एकच माणूस, एकच यंत्र. रविवारीसुद्धा यंत्रं पुसायला बोलावणं यायचं. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन केलं, त्यातल्या मागण्या आज वाचल्या तर पोटात तुटतं: रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातात. रविवारची सुटी मिळायला १८९० साल उजाडलं. सूर्यास्ताची मागणी तर उलटी फिरली. १९०५च्या सुमाराला गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि दिवस चौदा-पंधरा तासांचा झाला. मग कायद्याने तो हळूहळू आखडत गेला. १९११ मध्ये बारा तास, १९२२ मध्ये अकरा, १९३४च्या कायद्याने दहा. एका माणसाचे तास कमी होत गेले, पण यंत्राला थांबवायला मालक तयार नव्हते, म्हणून एकाच साच्याला दोन माणसं आली. दुसऱ्या महायुद्धात कापडाची मागणी इतकी वाढली की तिसरी पाळीही सुरू झाली. सकाळी सात, दुपारी साडेतीन, रात्री बारा. गिरणगावाचं घड्याळ तेव्हा लागलं ते पुढे चाळीसेक वर्षं चाललं. खोलीत झोपायची जागा, मोरीवरचा नंबर, खानावळीतल्या बाईंकडची पंगत, सगळं त्याच्यावर.

साच्याला दोन माणसं आली की प्रश्न उभा राहतो. रात्रभर मी नीट ठेवलेला साचा दुसऱ्याने नासवला तर? साचेवाल्याचा पगार कापडाच्या मापावर. कापडात खोट निघाली तर भुर्दंड त्याच्या माथी. जुन्या काळात तर खराब कापड साचेवाल्याच्याच गळ्यात मारून त्याचे पैसे पगारातून कापत. मग खोट कोणाच्या पाळीत पडली, यावरून दोघांचं जन्माचं वैर व्हायला कितीसा वेळ? माझी खात्री आहे की ती दहा मिनिटं या भीतीतून जन्माला आली. दोघांनी मिळून साचा बघायचा, जे बिघडलंय ते तोंडावर सांगायचं, म्हणजे मागून भांडण नको. भीतीतून सुरू झालेली गोष्ट पुढे अब्रूची झाली. घाण साचा सोडून जाणारा माणूस खात्यात उठून दिसायचा. त्याला कोणी काही बोलायचं नाही, पण चहाला हाक मारायचं नाही.

या सगळ्यावर जॉबर बसलेला असायचा. नोकरी लावणारा तो, काढणारा तो, कामावर घेताना दस्तुरी खाणारा तो. गावचा माणूस गावच्या माणसाला चिकटवायचा, खोली बघून द्यायचा, अडीअडचणीला व्याजाने पैसेही द्यायचा. १९३१ मध्ये मजूरविषयक रॉयल कमिशनने जॉबरच्या या सत्तेवर कोरडे ओढले. १९३५ मध्ये मालकांच्या संघटनेने बदली कामगारांना कार्डं द्यायची पद्धत आणली. महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक लोकांना कार्ड, त्यांनी रोज सकाळी दारात येऊन उभं राहायचं, खाडा असेल तिथे त्यांनाच काम. दस्तुरी त्याने संपली नाही, पण जॉबरची मूठ सैल झाली. माझ्या वेळेपर्यंत बदलीवाले कार्ड घेऊन माझ्या खिडकीसमोर उभे असायचे. दहा-बारा वर्षं बदलीच राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. सकाळी सातला खिडकी बंद करताना उरलेल्यांकडे बघणं मला कधी जमलं नाही. तरी त्यांतला ज्याला काम मिळे, तो परक्याच्या साच्यावर जाऊनही ती दहा मिनिटं पाळायचा. नीट साचा सोडला तर कायमचा साचेवाला पुढच्या खाड्याला त्याचंच नाव सांगेल, ही आशा त्यात होती.

या रिवाजावरचा डाग मात्र मला झाकायचा नाही. धोट्यात नवी कांडी घातली की सुताचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढावं लागतं. त्याची सोपी युक्ती म्हणजे भोकाला ओठ लावून सूत ओढून घ्यायचं. दिवसातून शेकडो वेळा. एकाच धोट्याला पाळीगणिक वेगळे ओठ. म्हणून साचेखात्यात दलित कामगार नको, असं सवर्ण साचेवाले उघड म्हणत. साचेखात्याचा पगार चांगला आणि तिथेच ही भिंत. दलितांच्या वाट्याला सूतकताईची कमी पगाराची खाती. १९२८च्या सार्वत्रिक संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर स्पष्ट मांडला, की मालकांकडे न्याय मागताना ही मागणीही आपल्या यादीत आली पाहिजे. भिंत लगेच पडली नाही. आबा आणि बाबा ज्या आपुलकीने एकमेकांचा धोटा तोंडाला लावत, ती आपुलकी कोणाला तरी दाराबाहेर ठेवून उभी होती. मी ज्या जुन्या दिवसांबद्दल लिहितोय त्यांच्यात हे आहे, आणि ते वगळून मला त्या दिवसांचं कौतुक करता येत नाही.

खात्याचा आवाज बंद व्हायचा तो दसऱ्याला. साचे धुऊनपुसून झेंडूच्या माळा घातलेले, धोट्यांना हळदकुंकू, आणि त्या दिवशी बायकामुलांना आत सोडायचे. मी सात-आठ वर्षांचा असताना आईचं बोट धरून पहिल्यांदा गेलो. बाबा आणि आबा साच्यापाशी उभे राहून एकमेकांशी बोलत होते आणि मला वाटलं त्यांचं कडाक्याचं भांडण जुंपलंय, इतके ते ओरडत होते. आई हसली. म्हणाली, अरे, गिरणीतली माणसं अशीच बोलतात. सगळ्या खात्यात कुठलाही आवाज नव्हता आणि सगळे साचेवाले ओरडून ओरडून एकमेकांची ख्यालीखुशाली विचारत होते. आबांनी मला उचलून साच्यावर बसवलं आणि माझा हात धरून फणीवरून फिरवला. म्हणाले, बघ, तुझा बाप हितं असतो आणि तो गेला की मी असतो. हा कधी एकटा नसतो.

मला जे सांगायचंय ते इथून सुरू होतं. गिरणी कामगार भांडला नाही असं एकही दशक नाही. १९२४ मध्ये बोनससाठी, १९२५ मध्ये साडेअकरा टक्के पगारकपातीविरुद्ध, १९२८ मध्ये सहा महिने. १९२८चा तो संप तर साच्यांवरूनच पेटला: दोन साच्यांऐवजी एका माणसाने तीन चालवावेत, असा मालकांचा आग्रह. माझे आजोबा त्या संपात गावी गेले, भात लावून, कापून परत आले आणि परत त्याच साच्यावर उभे राहिले. १९५० मध्ये बोनससाठी पुन्हा दोन महिने गिरण्या बंद. एवढ्या लढाया झाल्या आणि प्रत्येक लढाईनंतर माणसं परत येऊन साचा पुसत होती. मालकाशी भांडण वेगळं, साच्याशी नातं वेगळं. हे नातं १९८२च्या संपाने तुटलं असं आज सर्रास म्हणतात. मी ते तुटताना माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे आणि ते संपाच्या आधी, सत्तरच्या दशकात तुटत होतं.

सुरुवात झाली पिकरपासून. पिकर म्हणजे धोट्याला टोला देणारा कातडी ठोकळा. झिजतो, बदलावा लागतो. पूर्वी जॉबरने चिठ्ठी दिली की स्टोअरमधून नवा मिळायचा. मग चिठ्ठ्या परत यायला लागल्या: शिल्लक नाही, पुढच्या आठवड्यात या. गिरणीतला नफा गिरणीत परत येत नव्हता, तो दुसऱ्या धंद्यांकडे वळत होता. पन्नास वर्षांचे साचे तसेच रेटले जात होते. आबांनी एकदा स्वतःच्या खिशातून बाहेरच्या दुकानातून पिकर आणून लावला. मास्तरने ते बघितलं आणि त्याबद्दल एक शब्द काढला नाही. पुढच्या महिन्यात दुसऱ्या एका साचेवाल्याने पिकर मागितला तेव्हा तोच मास्तर म्हणाला, तो आणतो ना घरून, तू पण आण. त्या दिवशी संध्याकाळी आबा माझ्या खिडकीशी आले आणि नुसते उभे राहिले. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, मी चूक केली.

दुसरी गोष्ट डब्याची. दारावरचे पहारेकरी आधीही असायचे, पण ज्याला दारातून वीस-पंचवीस वर्षं आत-बाहेर करताना पाहिलं त्याला कोणी हात लावत नसे. एके दिवशी ऑफिसातून हुकूम आला की सुटताना प्रत्येकाची झडती घ्यायची, डबेसुद्धा उघडून बघायचे. गिरणीतून कांड्या, सूत बाहेर जातं असा संशय होता आणि जात नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण रांग लागली तेव्हा मी फाटकाशी होतो. बाबांचा नंबर आला. पहारेकऱ्याने डबा उघडला, खालच्या पुडात उरलेली अर्धी भाकरी होती. त्याने ती बोटाने उचलून खाली बघितलं. बाबांनी डबा परत घेतला, झाकण लावलं नाही, तसाच हातात धरून चाळीपर्यंत चालत आले. मी त्यांच्या मागे वीस पावलांवर होतो. पुढे जायचं धाडस झालं नाही. घरी येऊन त्यांनी ती अर्धी भाकरी कावळ्याला घातली आणि आईला सांगितलं, उद्यापासून डबा नको, खानावळीत खाईन.

त्यानंतरच्या महिन्यांत मी मस्टरमध्ये बदल पाहिला. सोमवारी लाल शाईचे खाडे वाढले. आजारपणाची सर्टिफिकेटं वाढली. आणि साडेतीनच्या आधीची ती दहा मिनिटं आक्रसू लागली. आठ, पाच, मग भोंग्याबरोबर. कोणी ठरवलं नव्हतं. दोघे साच्यापाशी भेटायचे, पण जाणारा बोटं उडवून काही दाखवत नव्हता. साच्याखालची रुई तशीच असायची. एकदा आबा येण्याआधीच बाबा साचा थांबवून बाहेर पडले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. मी विचारलं तर म्हणाले, काय सांगू त्याला? सगळंच बिघडलंय, हे त्याला दिसत नाही का?

मला राग येतो तो इथे. पगार वाढवायला पैसा लागतो, नवी यंत्रं आणायला त्याहून जास्त लागतो, ते एका दिवसात होत नाही हे मला कळतं. पण झिजलेल्या पिकरची चिठ्ठी मंजूर करायला आणि पंचवीस वर्षं राबलेल्या माणसाचा डबा न उघडायला काय लागत होतं?

दाद मागायची तरी कुठे? १९४६च्या कायद्याने एका गावात एका धंद्याला एकच अधिकृत संघटना आणि मुंबईच्या कापड गिरण्यांत ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. करार तीच करणार. कामगाराचा जीव दुसऱ्या कोणात असला तरी मालकासमोर बसणार तीच. १९८१च्या दिवाळीआधी बोनसवरून असंतोष फुटला आणि माणसं कामगार पुढारी डॉ. दत्ता सामंतांच्या दाराशी गेली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख माणसं बाहेर पडली. संपाबद्दल खूप लिहिलं गेलंय, मी वेगळं काय लिहू? भांडी विकली गेली, गावाकडच्या गाड्या भरून गेल्या, पोरांची शाळा सुटली. तो संप आजतागायत कोणी रीतसर मागे घेतलेला नाही. १९८३ मध्ये सरकारने तेरा गिरण्या ताब्यात घेतल्या. आमची त्यांत नव्हती.

आमची गिरणी पुन्हा चालू झाली तेव्हा माणसं आत घेताना कागदावर सह्या घेतल्या, वागणूक चांगली ठेवीन, संघटनेच्या भानगडीत पडणार नाही, अशा अर्थाच्या. तो कागद माझ्याच खिडकीवर ठेवला होता. आबांनी सही केली. बाबांनी केली नाही. ते गावी गेले आणि परत गिरणीचं तोंड पाहिलं नाही. आबांना दुसऱ्याच चार साच्यांवर घातलं, समोर नवा जोडीदार, तोही भेदरलेला. जुनी जोडी एकत्र ठेवायची नाही असं धोरणच असावं. अर्धे साचे तर चालूच झाले नाहीत. कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर विणून यायचं आणि इथे त्यावर गिरणीचा शिक्का बसायचा. १९९१ मध्ये विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनींसाठी तरतूद आली, तेव्हापासून ऑफिसात कापडाच्या मीटरपेक्षा जागेच्या चौरस फुटांची बोलणी जास्त ऐकू यायची.

तिसरी पाळी बंद केली ती पावसाळ्यात. नोटीस दुपारी लागली, त्या रात्रीपासून अंमल. दुसऱ्या पाळीचे जे काही साचेवाले उरले होते ते बाराच्या भोंग्यापर्यंत थांबले. मी मस्टर बंद करायला खात्यात गेलो. साचे एकेक करून थांबत होते आणि ती शांतता मला लहानपणीच्या दसऱ्यासारखी वाटली नाही. आबा त्यांच्या साच्याखाली वाकून रुई काढत होते. साठीला आले होते, उठताना गुडघ्यावर हात टेकला. इकडे तिकडे बघितलं. समोर येणारं कोणी नव्हतं.

मला पाहून ते जवळ आले आणि कानात ओरडून म्हणाले, जसं ते नेहमी बोलत, "तीन नंबरच्या साच्याचा डावा पिकर ढिला झालाय. कोणाला सांगू?"

मी म्हटलं, मला सांगा.

"मग लिहून ठेव."

मी मस्टरच्या शेवटच्या ओळीखाली, जिथे काही लिहायचं नसतं तिथे, ते लिहिलं. साचा नंबर तीन, डावा पिकर ढिला. खाली वेळ घातली, रात्रीचे बारा वाजून सात मिनिटं. आबांनी वाकून अक्षरं वाचली, मान हलवली आणि खुंटीवरचा सदरा घेतला.